खालचा पाणवठा



वर्षावास संपला. आमच्या वसाहतीच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. वाचनाची पाळी बहुधा आमच्यावरच येत असे. कचेरीतून सुटायचे, हातपाय धुवायचे आणि विहारात हजर व्हायचे, असा तीन महिन्यांचा नेम. समाप्तीनंतरच्या रविवारी मुलांची आई म्हणाली, “एवढे दिवस कुठं गेलो नाही. गावाकडं जाऊन येऊ. आण्णांनाही नदी दाखवून आणू.”

आमचे मन तर आधीच नदीवर गेले होते. खरे सांगायचे तर आठ दिवसांपूर्वीच आम्ही बाजारातून गळाची एक नवी काठी आणून कपाटामागे उभी करून ठेवली होती. घडीची काठी, तिला रीळ, नायलॉनचा दोरा आणि प्लास्टिकच्या डबीत निरनिराळ्या आकाराचे गळ. हल्ली मोबाइलवर तळ्याकाठी निवांत बसून गळ टाकणारी माणसे दिसतात. दिवसभर आवक-जावकच्या नोंदी करून मान अवघडलेल्या माणसाला ते पाहून हेवा वाटतो. लहानपणी आम्हीही नदीवर असेच बसायचो. गाव किती साधे होते, पाणी किती स्वच्छ होते, माणसाला किती थोडे लागत होते, असे विचार मनात येऊ लागले आणि त्या भरात आम्ही काठी विकत घेतली.

रविवारी सकाळी आण्णा, मुलांची आई, आमचा बारा वर्षांचा मुलगा आणि आम्ही असे चौघे तारकपूर स्थानकावरून एस.टी.ने निघालो. आण्णांनी पंच्याहत्तरी गाठली आहे. काठी पाहून ते काही बोलले नाहीत. फक्त पिशवीतून तिचे टोक बाहेर आले होते, ते त्यांनी रुमालाने झाकले.

नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला शेंडी, जेऊर, पांढरी पूल मागे टाकत गाडी घोडेगावला आली. तेथून डावीकडे शिंगणापूर-सोनईचा फाटा लागतो. सोनई म्हटले की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. १ जानेवारी २०१३ रोजी तेथे तीन दलित तरुणांची अमानुष हत्या झाली. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातील खर्ड्याला शाळकरी वयाचा नितीन आगे मारला गेला. खिडकीतून फाट्याकडे पाहताना आण्णा एवढेच म्हणाले, “गाव लांबून लई चांगलं दिसतं बाबा.” आमच्या साध्यासुध्या गावाच्या स्वप्नाला पहिला धक्का तेथे बसला.

वडाळा बहिरोबा, नेवासे फाटा ओलांडून प्रवरासंगमला उतरलो. येथे प्रवरा गोदावरीला मिळते. पुलापलीकडे कायगाव टोके आणि संभाजीनगर जिल्ह्याची हद्द. प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात. वर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे ऊस आणला आणि कारखाने आणले. त्याच नदीवर खाली निळवंड्याचे धरण झाले आणि त्याच्या कालव्यांना २०२३ साली पाणी सुटले. वाटेत मुळा नदी येऊन मिळते. अशी ही प्रवरा सारा जिल्हा आडवा कापून येते आणि संगमावर गोदावरीच्या हवाली होते.

पण संगमावर आज दोन नद्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. शंभर टी.एम.सी.हून अधिक पाणी साठवणाऱ्या त्या नाथसागराचा फुगवटा नेवासे-शेवगाव तालुक्यांत पसरतो. पावसाळा चांगला झाला की सगळे एकच पाणी. काठावर बगळे, मध्ये एखादी होडी, कडेला जलपर्णीचे हिरवे थर.

आमचे गाव येथून जवळच, प्रवरेच्या काठावर. गावात न थांबता आम्ही सरळ नदीवर गेलो. मुलांच्या आईने बाभळीखाली सतरंजी अंथरली. आण्णा मात्र उभेच राहिले. पाण्याकडे बोट करून ते नातवाला सांगू लागले, “ते तिथं वरच्या अंगाला गावाचा पाणवठा होता. त्याच्या खाली जनावरं धुवायची जागा. अन् त्याच्याही खाली, हे इथं समोर, आपला पाणवठा. आता सगळं पाण्याखाली गेलं.”

मुलाने विचारले, “आजोबा, जनावरं आपल्या वर का धुवायची?”

त्याला आजोबांनी काय उत्तर द्यावे? नदी एकच, पाणी तेच. पण वाहत्या पाण्यालाही गावाने पायऱ्या पाडल्या होत्या. गुरे धुतलेले पाणी खाली येई, तेच आमच्या आज्यांच्या घागरीत जाई. म्हणून बाया वाळूत झिरा खोदून वाटीवाटीने पाणी भरत. वाळूतून गाळून आलेले ते पाणी तरी स्वच्छ असे. घागर भरायला तास-तास लागे.

विहारात दरवर्षी २० मार्च साजरा करताना आम्ही महाडच्या चवदार तळ्याची हकीकत सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ साली संमत केला. तो कागदावरच राहिला. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला ओंजळीने पाणी घेतले आणि पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी होऊन १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हे सारे आम्हाला पाठ आहे. पण आमच्या स्वतःच्या गावात आमचा पाणवठा नेमका कुठे होता, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा आण्णांच्या बोटाने पाहिले. आम्ही जन्मलो ते धरण झाल्यावर. धरणाने जमिनी बुडवल्या, तसे ते तीन पाणवठेही बुडवले.

आण्णा मग बोलू लागले. त्यांच्या वडिलांकडे येसकरकी होती. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. १९५८ च्या कायद्याने असली वतने गेली, पण भाकरीसाठी दारात उभे राहण्याची लाज पुढेही बरीच वर्षे मनातून गेली नाही. आण्णा म्हणाले, “गावात जे मिळायचं ते कुणीतरी द्यायचं. वरून टाकलं तर ओंजळीत झेलायचं. नदीतला मासा मात्र कुणी देत नव्हतं. तो आपला आपण धरायचा. वरच्या पाणवठ्यावरून खालच्या पाणवठ्यावर यायला मासा कुणाला इचारीत नव्हता.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. गाव आठवले की आमच्या मनात नदीच का येते, त्याचे कारण तेव्हा कळले. आम्हाला आठवत होते ते गाव नव्हतेच. पाटलाची वेस, चावडी, देऊळ, विहीर यांपैकी आम्हाला आठवते ते बाहेर उभे राहून पाहिलेले. नदीच्या काठावर मात्र आम्ही उभे नव्हतो, बसलो होतो. तेवढी एकच जागा अशी होती की जिथे कोणी “तिकडं सरक” म्हणत नव्हते.

आण्णांनी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर गेले. तिथे सुकडी मिळे, रेशनला तांबडी मिलो मिळे. नदीची धार तुटली होती, पण डोहात पाणी होते. संध्याकाळी कामावरून आले की ते आणि त्यांचे भाऊ डोहावर जात. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. वेळूची काठी, सुतळीतून सोडवलेला दोरा, सुईला ताव देऊन वाकवलेली गरी आणि ओल्या मातीतले गांडूळ. दोऱ्याला ज्वारीच्या वाळक्या ताटाचा तुकडा बांधायचा. तो पाण्यावर तरंगे. तो बुडाला की झटका द्यायचा. वाम, मरळ, शिंगाडा, जे लागेल ते. वाम बुळबुळीत असते, म्हणून चुलीतली राख लावून धरायची आणि दगडावर घासायची. घरात तेल नसे. मिरची, मीठ आणि चिंच घालून कालवण व्हायचे. पाणी जास्त आणि मासा कमी. आण्णा म्हणाले, “त्या साली नदीनं आमाला जगवलं. पण एक सांगतो, पोटापुरता मासा मिळाला की आमी गरी गुंडाळायचो. डोह रिकामा केला तर उद्या काय खायाचं?”

दुसरीही एक रीत त्यांनी सांगितली. मृगाचा पहिला पाऊस पडला, नदीला गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे चढणीचे मासे. ते अंडी घालायला निघालेले असतात, पोटात गाभोळी भरलेली असते. ओढ्याच्या तोंडाशी पाटी लावली तरी पाटीभर मासे मिळतात. आण्णांची आई त्या दिवसांत त्यांना ओढ्यावर जाऊ देत नसे. म्हणे, पोटुशी बाई दारावरून चालली तर तिला वाट द्यायची असते. मत्स्यव्यवसायाची शास्त्रीय पुस्तके आज हेच सांगतात, की विणीच्या हंगामात मासे धरू नयेत. आमच्या त्या आजीला अक्षरओळख नव्हती.

एवढे सगळे ऐकूनही आम्ही काठी बाहेर काढली. आणलीच होती, आणि मुलगाही वाट पाहत होता. कणकेची गोळी लावून गळ टाकला. अर्धा तास गेला. वारा छान होता, पाण्यावर ऊन चमकत होते. कचेरी, फायली, साहेब सगळे विसरले. हे सुख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. मग रीळ एकदम कुरकुरली. मुलगा ओरडला. दोरा ओढला तर तळहाताएवढी चिलापी.

चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपल्या देशात तो १९५२ साली आणला गेला. आज अनेक धरणांत त्याचाच सुकाळ आहे. कटला आणि रोहू हेही मूळचे आपल्या नद्यांतले नव्हेत. ते गंगेकडचे. त्यांची बोटुकली धरणात सोडतात आणि मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. आण्णांच्या वेळची वाम आणि मरळ आता क्वचित दिसते. वाळू उपसली गेली, डोह बुजले, कारखान्याची मळी कधी पाण्यात आली, तर कधी कोणी पाण्यात विजेची तार टाकून लहानमोठे सारे मासे एकदम मारले. नदी बदलली, तसे तिच्यातले रहिवासीही बदलले.

चिलापीने गळ खोल गिळला होता. आम्ही तो सोडवू लागलो. मासा तडफडत होता, आमचे बोट रक्ताने भरले. ते रक्त आमचे होते की त्याचे, कळेना. मुलगा आधी हसत होता, तो हळूहळू गप्प झाला. मग म्हणाला, “पप्पा, विहारात तुम्हीच वाचलं होतं ना? सिद्धार्थाला त्याचे मित्र शिकारीला बोलावतात. तो नाही म्हणतो. ते म्हणतात, नुसता बघायला तरी चल. तो बघायलाही जात नाही.”

वाचले होते आम्हीच. श्रावणातल्या एका संध्याकाळी, चांगल्या खणखणीत आवाजात.

घाईघाईने आम्ही म्हणालो, “अरे, आपण सोडूनच देणार आहोत. हल्ली सगळे तसंच करतात. धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा.” गळ निघाला. मासा पाण्यात सोडला. तो थोडा पुढे गेला, वळला आणि पांढरे पोट वर करून तरंगू लागला. आण्णा काठावर खाली बसले आणि म्हणाले, “आरं, भूक लागली म्हणून धरला असता तर मी काय बोललो नसतो. डब्यात भाकरी-भाजी हाय. पोट भरलेलं असताना जीव धरायचा, घाबरा करायचा, अन् मग दया केली म्हणायचं. हा कसला खेळ?” थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “चिलापीची मादी पिलं तोंडात सांभाळती. तोंडातच गरी घातली तू.”

वाचकहो, आम्ही दर रविवारी मुलांकडून पंचशील म्हणून घेतो. पाणातिपाता वेरमणी, हे पहिलेच शील. आणि त्या दिवशी आमच्याच मुलाने ते आम्हाला विचारले. लाज वाटली, पण अभिमानही वाटला.

घरी आल्यावर आम्ही तो ग्रंथ पुन्हा उघडला. अहिंसेविषयी बाबासाहेबांनी जे लिहिले आहे ते आपण सर्वांनी नीट वाचावे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला. जिथे गरज नाही, नुसती इच्छा आहे, तिथे मारणे निषिद्ध. आण्णा त्या ग्रंथातले हे प्रकरण कधी शिकले नव्हते. पण १९७२ सालची त्यांची गरी गरजेची होती आणि आमची काठी हौसेची होती, हे त्यांना बरोबर कळले.

सम्राट अशोकानेही असाच विवेक केला. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरवलेल्या त्याच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तीत काही माशांचीही नावे आहेत. चातुर्मासाच्या पौर्णिमांना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, अशी आज्ञा आहे. कोळ्यांच्या राखीव पाण्यांचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे त्याने कोळ्याचे जाळे कायमचे हिसकावून घेतले नाही. काही जिवांना अभय दिले आणि काही दिवस पाण्यालाही विश्रांती दिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला जरूर वाटते. नाहीतर कोणी म्हणेल, क्लार्कसाहेब आता सोवळे झाले. तसे नाही. आपण काय खातो यावरून आपल्याला हिणवणारे लोक पुष्कळ आहेत. शाकाहाराच्या नावाखाली भाड्याने घर नाकारणारे आहेत. तसले सोवळे आम्हाला मान्य नाही, कारण त्यात जिवाची दया कमी आणि माणसाचा विटाळ जास्त असतो. आमच्या घरात मासळी खाल्ली जाते आणि ते लपवण्याचे कारण नाही. परत येताना संगमावर एका भोई बाईकडून अर्धा किलो मासळी आम्ही विकत घेतली. तिच्या नवऱ्याने ती पहाटे जाळ्याने धरली होती आणि त्या पैशांत त्यांचे घर चालणार होते. यातही हिंसा आहेच. पण जिवाच्या वेदनेची मौज करणे आणि ताटातल्या घासाची किंमत जाणणे, यांत फरक आहे. तो फरक पाळायला आम्ही शिकत आहोत, एवढेच.

रात्री मुलांच्या आईने कालवण केले. कांदा आणि सुके खोबरे भाजून, लसूण, लाल मिरची, चिंचेचा कोळ घालून. सोबत बाजरीची भाकरी. आण्णांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, “चव हाय. पण ती न्हाय.” मुलाने विचारले, “भुकेची चव कशी असते आजोबा?” आण्णा हसले. “तुला ती कळू नये म्हणून तर तुझ्या बापाला शाळंत घातला.”

या एका वाक्यात आमच्या साध्या गावाच्या स्वप्नाचे उत्तर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला, तेव्हा पुष्कळांना राग आला. पण त्यांनी वरच्या पाणवठ्यावरून गाव पाहिले नव्हते. थोड्यात भागवणे चांगले, निसर्गात बसणे चांगले, पोटापुरते घेऊन उरलेले उद्यासाठी ठेवणे तर फारच चांगले. हे सगळे आपल्या वाडवडिलांना येत होते. पण त्यांचा साधेपणा निवडीचा नव्हता, तो लादलेला होता. त्यांच्याकडून रीत घ्यावी. त्यांच्यावर आलेली वेळ मात्र पुन्हा कोणावर येऊ नये, यासाठी शिकावे आणि संघटित राहावे.

काठी आम्ही विकली नाही. दोरा आणि गळ काढून ठेवले. नुसती काठी आता विहारात उंचावरच्या पताका बांधायला उपयोगी पडते. आणि येत्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गावी जाणार आहोत. मे महिन्यात धरणाचे पाणी हटले की जुने पात्र उघडे पडते, लोक त्यात गाळपेर करतात. आण्णांना वाटते, पाणी फार खाली गेले तर खालच्या पाणवठ्याचे दगड दिसतील. त्या दगडांवर नातवाला बसवून त्याचा फोटो काढायचा, असे त्यांच्या मनात आहे.

आपल्या घरातही असे कोणी म्हातारे माणूस असेल. त्यांना एकदा गावच्या नदीवर न्यावे. आपला पाणवठा कुठे होता, ते त्यांना विचारावे आणि मुलांसमोर विचारावे. ते बोट दाखवणारे हात आहेत, तोवरच हे होणार आहे.

भवतु सब्ब मंगलम्।